प्रश्न कोणी विचारला? : संततिनियमनविषयक मराठी व उर्दू लेखनाची चिकित्सा

प्रास्ताविक

गर्भनिरोधाच्या साधनांपर्यंत स्त्रिया का पोहोचत नाहीत, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होते. पहिले अंग पुरवठ्याचे. दवाखाना लांब असतो, गोळ्यांचा साठा संपलेला असतो, तांबी बसवणारी डॉक्टरीणबाई ठरावीक वारीच येते. दुसरे अंग श्रद्धेचे. अमुक एक समाज धर्मामुळे ही साधने वापरत नाही, असे सरसकट बोलले जाते. पहिल्या अंगाचा अभ्यास आरोग्यशास्त्राने पुष्कळ केला आहे. दुसऱ्याविषयी अभ्यासापेक्षा ग्रहच अधिक आढळतात. या दोहोंखेरीज भाषेचा असा एक तिसरा अडथळा आहे आणि त्याकडे साहित्याच्या अभ्यासकांचेही फारसे लक्ष गेलेले नाही.

प्रस्तुत लेखात मराठी व उर्दू वाचकांपुढे आलेल्या काही लेखनप्रकारांचा या दृष्टीने विचार केला आहे. संततिनियमन चांगले की वाईट, हा येथे मुख्य मुद्दा नाही. हे लेखन कोणाच्या प्रश्नातून सुरू होते आणि कोणाला उत्तर देते, एवढीच कसोटी येथे लावली आहे. एखाद्या व्यक्तीच्या अडचणीतून निघालेले लेखन माहितीची वाट मोकळी करते. राष्ट्र, लोकसंख्या किंवा संस्कृती यांच्या चिंतेतून निघालेले लेखन, मग ते अनुकूल असो वा प्रतिकूल, ती वाट बहुधा अरुंद करते. पहिल्या प्रकारातही प्रश्न विचारणारी स्त्री क्वचितच भेटते. खरा अडथळा तेथेच आहे.

१. शब्दांचा प्रश्न

मराठीत या विषयासाठी एकामागून एक शब्द आले. र. धों. कर्वे यांनी ‘संततिनियमन’ हा शब्द वापरला. स्वातंत्र्यानंतर ‘कुटुंबनियोजन’ रूढ झाला आणि १९७७नंतर सरकारी कागदांवर ‘कुटुंबकल्याण’ आला. उर्दूत ‘जब्ते तौलीद’, ‘जब्ते विलादत’ आणि पुढे ‘खानदानी मंसूबाबंदी’ हे शब्द दिसतात. यांतील ‘जब्त’ या अरबी शब्दाचा अर्थ आवरणे, ताब्यात ठेवणे असा आहे. आपल्या मराठीतील ‘जप्ती’ त्याच शब्दापासून आली. ज्या घरात दोन्ही भाषांचा वावर आहे तेथे ‘जब्ते विलादत’ या शब्दाला सरकारी जप्तीचा वास आल्यावाचून राहत नाही.

हे सारे शब्द छापील आहेत. घरात बायका ‘ऑपरेशन’, ‘तांबी’, ‘गोळ्या’, ‘पाळणा लांबवणे’ असे बोलतात आणि तेही आवाज खाली आणून. बेळगाव किंवा हैदराबादसारख्या ठिकाणी अडचण आणखी वाढते. घरात दख्खनी, शाळेत मराठी किंवा उर्दू आणि दवाखान्यात कन्नड किंवा तेलुगू अशी स्थिती पुष्कळ घरांत असते. तांबी बसवल्यावर पाळीच्या वेळी रक्तस्राव वाढला तर तो किती दिवस चालेल आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे, हे विचारण्यासाठी जी भाषा लागते ती या तिन्हींपैकी एकीतही त्या स्त्रीला कोणी शिकवलेली नसते. साधन सोडून देण्याचे एक मोठे कारण त्रासाची भीती हे असते. त्या भीतीला वेळेवर उत्तर मिळाले नाही म्हणजे शेजारणीची ऐकीव हकीकतच प्रमाण ठरते.

२. इस्तिफ्ता : प्रश्नोत्तराची जुनी परंपरा

इस्लामी ज्ञानपरंपरेत या विषयाची चर्चा मुळात प्रश्नोत्तराच्या स्वरूपात झाली. ‘अझल’ म्हणजे वीर्य बाहेर टाकून गर्भधारणा टाळणे. कुरआनचे अवतरण होत असताना लोक अझल करीत असत, अशी हजरत जाबिर (रजि.) यांची साक्ष बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत नोंदलेली आहे. याच्या विरुद्ध दिशेला जाणारी, अझलला गुप्त बालहत्या मानणारी हदीसही ‘मुस्लिम’मध्येच आहे. फकीहांनी या दोन्ही रिवायती समोर ठेवून विचार केला व बहुसंख्यांनी अझल वैध ठरवले. हनफी आणि हंबली मतांत त्यासाठी पत्नीची संमती आवश्यक मानली गेली. शाफई मतात ती अट नाही.

शाफई परंपरेतील इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’च्या विवाहविषयक प्रकरणात केलेली मांडणी आजही वाचण्याजोगी आहे. कृती वैध की अवैध, एवढ्यावर ते थांबत नाहीत. ती करण्यामागचे हेतू ते एकेक करून तपासतात. बाळंतपणाच्या धोक्यापासून पत्नीचा जीव जपणे, अधिक मुलांमुळे होणारी ओढाताण टाळणे, हे हेतू त्यांनी निषिद्ध मानलेले नाहीत. मुलगी जन्माला येईल या भीतीने गर्भ टाळणे मात्र त्यांनी स्पष्टपणे गैर ठरवले. नऊशे वर्षांहून जुनी ही भेदरेषा लिंगनिदानाच्या आजच्या काळात किती उपयोगी आहे, हे वेगळे सांगायला नको.

इस्तिफ्ता म्हणजे मुफ्तीकडे केलेली विचारणा. या प्रकाराचे वैशिष्ट्य असे, की तिच्यात एक माणूस आपली अडचण घेऊन येतो आणि उत्तर त्याच्या अडचणीच्या मापाने दिले जाते. धर्म हाच अडथळा आहे असे म्हणणाऱ्यांनी हा पट पाहिलेला नसतो. परंतु याच परंपरेची उणीवही मांडली पाहिजे. अझल ही पुरुषाची कृती असल्यामुळे चर्चेत विचारणारा बहुधा पुरुष राहिला. पत्नीची संमती ही हनफी मताची मोठी देणगी आहे, तरी त्या संमतीचे शब्द ग्रंथांत क्वचितच ऐकू येतात.

३. ‘समाजस्वास्थ्य’ : वाचकांची पत्रे

मराठीत हाच प्रश्नोत्तराचा प्रकार र. धों. कर्वे (१८८२–१९५३) यांनी पूर्णपणे ऐहिक पायावर उभा केला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे पुत्र मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. १९२१मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कामामुळे १९२५मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले व ते मृत्यूपर्यंत चालवले. या कामात त्यांच्या पत्नी मालतीबाई यांची साथ होती, हे सहसा एका ओळीत उरकले जाते.

‘समाजस्वास्थ्य’ची खरी शक्ती वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांत आहे. लाजेने कोणालाही विचारता न येणाऱ्या गोष्टी वाचक पत्राने विचारीत आणि कर्वे शरीरशास्त्राच्या भाषेत उत्तर देत. राज्यसत्तेला हीच गोष्ट सोसवली नाही. १९३१मध्ये एका लेखावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला व शंभर रुपये दंड झाला. १९३४चा दुसरा खटला वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच भरला गेला. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले. खटला ते हरले आणि दोनशे रुपये दंड झाला. तरीही प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देणे गैर कसे, हा त्या खटल्यातील मुद्दा अजून शिळा झालेला नाही. पुढे १९३८मध्ये मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या बाजूने बिगरसरकारी ठराव आला. तो आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून आला होता व तो फेटाळला गेला.

कर्व्यांच्या लेखनाचे मोल मान्य करूनही त्याच्या मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. धर्मश्रद्धेविषयीची त्यांची उपहासाची धार ज्या वाचकाला आधीच पटलेले असे त्याला सुखवीत असे. ज्याला पटवायचे आहे त्याला ती दूर लोटत असे. त्यांचे लेखन वाचता येणाऱ्या, पत्र लिहिता येणाऱ्या आणि टपाल खर्च परवडणाऱ्या माणसासाठी होते. स्त्रीला गर्भधारणेच्या भीतीशिवाय कामसुखाचा अधिकार आहे, हे त्यांनी निःसंदिग्धपणे मांडले. त्या काळी फार थोड्या पुरुषांनी असे म्हटले. परंतु तो अधिकार जिच्यासाठी मागितला, त्या निरक्षर स्त्रीपर्यंत मासिक जाणारच नव्हते.

४. ‘परदे के पीछे’ : अखेर ती स्त्री बोलते

ती स्त्री छापील पानावर बोलताना दिसते ती त्याच सुमारास उर्दूत. १९३२च्या अखेरीस लखनौहून ‘अंगारे’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात डॉ. रशीद जहाँ (१९०५–१९५२) यांची ‘परदे के पीछे’ ही एकांकिका आहे. लेखिका व्यवसायाने स्त्रीरोगांची डॉक्टर होती. अलीगढला मुलींची शाळा काढणारे शेख अब्दुल्ला यांची ती कन्या. स्त्रीशिक्षणाचा पाया घालणाऱ्या दोन घरांतून, एक पुण्याचे व एक अलीगढचे, याच विषयावर बोलणारी दोन अपत्ये निघावीत, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. मुलींना लिहायला शिकवल्यावर त्यांच्या शरीराचा प्रश्न फार काळ बाहेर ठेवता येत नाही.

एकांकिकेत मुहम्मदी बेगम आणि आफताब बेगम या दोन स्त्रियांचे बोलणे आहे. लागोपाठच्या बाळंतपणांनी मुहम्मदी बेगम अकाली थकली आहे. मुले दाईच्या दुधावर वाढतात, कारण नवऱ्याला पत्नी मोकळी हवी असते. त्याने दुसरे लग्न करू नये म्हणून तिने शरीरावर शस्त्रक्रियाही सोसली आहे. हे सारे ती कुठलाही सिद्धान्त न मांडता, घरगुती बोलीत, उसासे टाकत सांगते. समीक्षेने या एकांकिकेकडे बहुधा बंडखोर साहित्य म्हणून पाहिले. ती एका रुग्णाची हकीकत म्हणूनही वाचली पाहिजे. डॉक्टरला खासगीत जे सांगितले जाते तेच येथे मैत्रिणीला सांगितले आहे. मात्र पडद्याआड दोघी समदुःखीच आहेत. उत्तर देऊ शकणारी व्यक्ती तेथे हजर नाही. डॉक्टरीण येते ती केवळ सांगण्याच्या ओघात.

मार्च १९३३मध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने ‘अंगारे’ जप्त केले. कर्व्यांचे दोन खटले आणि ही जप्ती सगळी मिळून चार वर्षांतील. उत्तर देणारा पुरुष दंडास पात्र ठरला आणि दुःख सांगणारी स्त्री ज्या पुस्तकात होती ते पुस्तकच नाहीसे केले गेले. दोन भाषांतील ही दोन लेखने एकत्र अभ्यासली गेली असती तर वाचकांना प्रश्न आणि उत्तर एका ठिकाणी मिळाले असते.

५. संस्कृतीची चिंता : मौलाना मौदूदी

‘इस्लाम और जब्ते विलादत’ हे मौलाना अबुल आला मौदूदी यांचे पुस्तक या विषयावरील उर्दूतील सर्वांत प्रभावी विरोधी लेखन होय. मौलानांचा जन्म औरंगाबादचा, १९०३चा, आणि १९३०च्या दशकात त्यांचे ‘तर्जुमानुल कुरआन’ हे मासिक हैदराबादहून निघू लागले. म्हणजे हा युक्तिवाद आपल्याच प्रदेशात घडला. मौलाना वैयक्तिक, विशिष्ट गरजेपोटी केलेले गर्भनियमन आणि राष्ट्रीय चळवळ म्हणून केलेला त्याचा प्रसार यांत फरक करतात. पहिल्यास ते पूर्ण मनाई करीत नाहीत. त्यांचा सारा भर दुसऱ्याच्या विरोधावर आहे. औद्योगिक पाश्चात्त्य समाजातील कुटुंबाची पडझड हे त्यांच्या मते या चळवळीचे मूळ आणि फळही आहे.

हा युक्तिवाद सुसंगत आहे आणि लोकसंख्येच्या नावाखाली गरिबांनाच दोष देण्याच्या वृत्तीवर त्यातील काही टीका आजही लागू पडते. प्रश्न उरतो तो संबोधनाचा. मौलानांचा प्रतिपक्षी पश्चिमेचा विचारवंत आहे. मुहम्मदी बेगम त्या चर्चेत कोठेच नाही. तिच्यासाठी असलेली वैयक्तिक गरजेची मुभा एका कोपऱ्यात राहिली आणि लोकांपर्यंत पोहोचला तो केवळ विरोध. पुस्तकात असलेली सवलत प्रसारात हरवते, तेव्हा तिचा भुर्दंड पुस्तक न वाचलेल्यांना भरावा लागतो.

६. राज्याची चिंता : घोषवाक्य

१९५२मध्ये भारताने कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम हाती घेतला. अशा प्रकारचा तो जगातील पहिला राष्ट्रीय कार्यक्रम मानला जातो. पुढे लाल त्रिकोण, १९६८मध्ये ‘निरोध’, ‘हम दो, हमारे दो’ अशी चिन्हे व घोषणा घरोघर पोहोचल्या. साहित्यप्रकार म्हणून पाहता घोषवाक्य हे इस्तिफ्ताच्या नेमके उलट असते. त्याला कोणी प्रश्न विचारलेला नसतो. ते सर्वांना एकच उत्तर देते.

या भाषेचे टोक आणीबाणीत दिसले. एप्रिल १९७६मध्ये दिल्लीत तुर्कमान गेटला घरे पाडण्यावरून गोळीबार झाला. वस्ती हटवणे आणि नसबंदीची सक्ती या दोन गोष्टी तेथील लोकांच्या मनात कायमच्या जोडल्या गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हरियाणातील मेवाती मुसलमानांच्या उटावड गावाला पोलिसांनी वेढा घालून पुरुषांना नसबंदीसाठी नेले. महाराष्ट्र विधिमंडळाने त्याच वर्षी सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. १९७६-७७ या वर्षात देशात सुमारे ८२ लाख ६० हजार शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या.

सक्तीचा परिणाम उलटा झाला. पुरुष नसबंदीपासून कायमचे दुरावले आणि शस्त्रक्रियेचा भार स्त्रियांवर आला. १९९६मध्ये केंद्राने उद्दिष्टांची पद्धत कागदोपत्री सोडली, पण शिबिरे चालूच राहिली. नोव्हेंबर २०१४मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यातील एका शिबिरात एकाच दिवशी ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया करण्यात आल्या. त्यांपैकी १३ जणी दगावल्या. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६मध्ये अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. उद्दिष्टाच्या भाषेला माणूस दिसत नाही, याचा याहून करुण पुरावा शोधण्याची गरज नाही.

७. आकडे काय सांगतात

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९-२१मध्ये झाली. तिच्यानुसार देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के आहे. गोळ्या ५.१ टक्के, तांबी २.१ टक्के व निरोध ९.५ टक्के. आंध्र प्रदेश, तेलंगणा आणि कर्नाटक या राज्यांत निम्म्याहून अधिक विवाहित स्त्रियांनी शस्त्रक्रियेचा मार्ग घेतलेला दिसतो. म्हणजे साधन ‘उपलब्ध’ आहे, परंतु निवड उपलब्ध नाही. दोन मुलांत अंतर हवे असलेल्या किंवा कायमची शस्त्रक्रिया नको असलेल्या स्त्रीला या व्यवस्थेत फारसे स्थान नाही. मुस्लिम स्त्रियांत शस्त्रक्रियेचे प्रमाण तुलनेने कमी आणि तात्पुरत्या साधनांकडे ओढा अधिक आहे. त्यांच्या दृष्टीने गोळ्या व तांबी यांचा नियमित पुरवठा आणि त्याबाबतचा सल्ला हीच खरी उपलब्धता होय.

याच पाहणीत ९.४ टक्के विवाहित स्त्रियांची गरज अपुरी राहिलेली दिसते. मूल इतक्यात नको किंवा आता नकोच असूनही त्या कोणतेही साधन वापरत नाहीत. मुस्लिम समाजातील सरासरी जननदर १९९२-९३मध्ये ४.४ होता. तो २०१९-२१मध्ये २.४ वर आला. धर्म बदललेला नाही, शिक्षण व इच्छा बदलली आहे. श्रद्धेला अडथळा ठरवणाऱ्या सोप्या विधानाचा एवढ्याने निकाल लागतो.

बाहेरचे दाखलेही हेच सांगतात. बांगलादेशात १९७०च्या दशकात एका स्त्रीला सरासरी सहाहून अधिक मुले होत. २०११पर्यंत हे प्रमाण २.३ वर आले. तेथील कार्यक्रमाचा कणा म्हणजे घरोघर जाणाऱ्या स्त्री कार्यकर्त्या. पडद्याआडच्या स्त्रीपर्यंत उत्तर देणारी स्त्री स्वतः चालत गेली. इराणमध्ये १९८९नंतर धर्मगुरूंच्या पाठिंब्याने कार्यक्रम राबवला गेला व जननदर सुमारे दशकभरात दोनच्या आसपास आला. पुढे त्याच देशाने २०२१च्या कायद्याने सरकारी दवाखान्यांतील मोफत साधने बंद केली, कारण आता राज्याला लोकसंख्या वाढवायची होती. कमी करा म्हणणारे आणि वाढवा म्हणणारे राज्य एकाच व्याकरणात बोलते. दोन्ही वाक्यांत स्त्री हा कर्ता नसतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, इस्तिफ्ता आणि ‘समाजस्वास्थ्य’मधील उत्तरे या एकमेकांपासून फार दूर वाटणाऱ्या परंपरांत व्यक्तीच्या अडचणीपासून सुरुवात करण्याचे साम्य आहे. श्रद्धा की विज्ञान, या वादापेक्षा हे साम्य अध्यापनाच्या दृष्टीने अधिक उपयोगी आहे. दुसरी, संस्कृतीच्या नावाने केलेला विरोध आणि राष्ट्राच्या नावाने केलेला प्रचार हे परस्परविरोधी असूनही दोहोंनी स्त्रीला ऐकणाऱ्याच्या जागी बसवले. तिसरी, ‘परदे के पीछे’मध्ये ती बोलली, परंतु तिचे बोलणे उत्तर देणाऱ्यापर्यंत गेले नाही. साधन आणि स्त्री यांच्यामधले हे अंतर अद्याप पुरते मिटलेले नाही.

आपल्या महाविद्यालयांत येणाऱ्या पुष्कळ मुली घराण्यातील पहिल्या पदवीधर असतात आणि त्यांतील कित्येकींचे लग्न पदवीच्या आगेमागे होते. मराठीच्या वर्गात कर्वे आणि उर्दूच्या वर्गात रशीद जहाँ शेजारी ठेवून वाचता येतील. गझालींची हेतूंची चिकित्सा अभ्यासमंडळात चर्चेला घेता येईल. जवळच्या आरोग्य केंद्रातील परिचारिकेला वर्षातून दोनदा बोलावून, नाव न लिहिता चिठ्ठीने प्रश्न विचारण्याची सोय करता येईल. यासाठी निधी लागत नाही आणि कोणाच्या श्रद्धेला धक्काही लागत नाही. मात्र त्या वेळी शिक्षकांनी उत्तर देण्याची घाई करू नये. प्रश्न त्या मुलींच्या स्वतःच्या शब्दांत येऊ द्यावा. या विषयावर शंभर वर्षे लिहिले गेले, तरी तेवढे एक करायचे राहून गेले आहे.